डबस्टेप: नाचण्याचे संगीत की ऐकण्याचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की हणजूण, वागातोर आणि तिथला ट्रान्स, म्हणजे अखंड ठोक्याचे नृत्यसंगीत, एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. मित्रमंडळींत कुणी हौसेने डबस्टेप, म्हणजे खालच्या जड स्वरांवर (बेसवर) उभे असलेले इलेक्ट्रॉनिक संगीत, लावलेच, तर दोन तक्रारी ठरलेल्या असतात. नाचायला उठलेला म्हणतो, यावर पाय कधी टाकायचा तेच कळत नाही, आणि खुर्चीत बसून ऐकणारा म्हणतो, यात ऐकण्यासारखे आहे तरी काय. फोंड्यापासून म्हापशापर्यंत निरनिराळ्या बैठकींत हेच प्रश्न इतक्यांदा समोर आले की त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत असे वाटले. उत्तरांत जिथे माझे स्वतःचे मत आहे, तिथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

सरळ सांगायचे तर, डबस्टेप नाचण्याचे संगीत आहे की ऐकण्याचे?

ते नाचण्याचे संगीत आहे. मात्र ते एका विशिष्ट प्रकारच्या खोलीसाठी आणि विशिष्ट ताकदीच्या ध्वनियंत्रणेसाठी घडले, आणि ती खोली व ती यंत्रणा काढून घेतली की ते नाचायलाही अपुरे पडते आणि ऐकायलाही. वाद घालणारी मंडळी बहुधा निरनिराळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. एकाने ते मोबाईलवर ऐकलेले असते, दुसऱ्याने मोठ्या महोत्सवाच्या मंचासमोर उभे राहून, तर तिसऱ्याने रात्री हेडफोन लावून एकट्याने. या तिघांच्या कानांवर पडलेले संगीत नावाने एक असले तरी प्रत्यक्षात बरेच वेगळे असते. पुढची बरीच उत्तरे या फरकाच्या खुलाशात खर्ची पडली आहेत.

हे संगीत आले कुठून?

दक्षिण लंडनमधून, आणि त्यातही क्रॉयडन या उपनगरातून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या क्लबांत गराज नावाचे चटपटीत, गाण्याच्या अंगाचे नृत्यसंगीत लोकप्रिय होते. त्याच्या टू-स्टेप या उपप्रकाराने प्रत्येक ठोक्यावर किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) वाजवण्याची रीत मोडून काही ठोके मोकळे सोडले होते. २००० च्या सुमारास काही तरुणांनी त्यातले गाणे काढून टाकले, अंधार वाढवला आणि खालचा बेस जाड केला. क्रॉयडनच्या सरी स्ट्रीटवरचे बिग ॲपल हे रेकॉर्डचे दुकान त्यांचा अड्डा होते. हॅचा हा डीजे तिथे काम करत असे, आणि शाळकरी वयातले स्क्रीम व बेंगा हे संगीतकार तिथेच घडले.

नावातला डब हा शब्द जमैकाचा आहे. किंग टबीसारखे तंत्रज्ञ गाण्याच्या ध्वनिमुद्रणातून आवाज काढून घेत, ढोल आणि बेस पुढे आणत, आणि मधेच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून देत. कॅरिबियन बेटांवरून लंडनला स्थायिक झालेल्या कुटुंबांनी ही परंपरा आपल्याबरोबर आणली. भिंतीसारखे उंच स्पीकर रचून गल्लीतल्या सभागृहात रात्र काढायची पद्धतही त्यांचीच. डबस्टेपमध्ये बेसला जो मान आहे तो तिथून आलेला आहे, आणि ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर या संगीतातले काहीच उलगडत नाही.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये फॉरवर्ड नावाची क्लबरात्र सुरू झाली, जी पुढे शोर्डिचमधल्या प्लॅस्टिक पीपल या छोट्या तळघरात भरू लागली. रिन्स एफएम या त्या वेळी परवान्याविना चालणाऱ्या केंद्रावरून हे संगीत घराघरांत पोहोचत होते. २००५ मध्ये ब्रिक्स्टनला डीएमझेड ही रात्र सुरू झाली. माला, कोकी आणि लोफा ही तिच्यामागची मंडळी. पहिल्या वर्धापनाला गर्दी इतकी लोटली की कार्यक्रम ऐन वेळी मोठ्या दालनात हलवावा लागला. २००६ च्या जानेवारीत निवेदिका मेरी ॲन हॉब्स यांनी बीबीसी रेडिओ वनवर या संगीताला वाहिलेला विशेष कार्यक्रम केला आणि क्रॉयडनची गोष्ट जगभर पोहोचली.

मिनिटाला १४० ठोके असूनही ते इतके संथ का वाटते?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण "यावर नाचता येत नाही" या तक्रारीचे मूळ इथेच आहे.

हिशेब साधा आहे. १४० च्या लयीत एक ठोका साधारण ०.४३ सेकंदांचा होतो. ट्रान्समध्ये या प्रत्येक ठोक्यावर किक पडते, त्यामुळे पायाला पुढची जागा शोधावी लागत नाही, ती आपोआप समोर येते. डबस्टेपच्या प्रचलित ठेक्यात मात्र चार ठोक्यांच्या आवर्तनात किक पहिल्यावर आणि स्नेअर (ड्रमचा कडक, करकरीत ठोका) तिसऱ्यावर पडतो. म्हणजे एका स्नेअरपासून दुसऱ्या स्नेअरपर्यंत तब्बल १.७ सेकंद जातात. कान या दोन खांबांवरून लय मोजतो आणि ती ७० ची आहे असे ठरवतो. पण मागे हाय-हॅटची (ड्रमच्या झांजांची) बारीक टिकटिक १४० च्या हिशेबाने, कधी तिस्र अंगानेही, चालूच असते.

आपल्याकडे तबला शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही. ठाय (संथ) आणि दुगुण (दुप्पट) या दोन्ही लयी एकाच वेळी वाजत आहेत एवढे म्हटले की पुरते. फरक एवढाच की तबल्यावर आपण ठायीतून दुगुणीत जातो आणि परत येतो, तर इथे दोन्ही लयी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकमेकींवर ठेवलेल्या असतात, आणि कोणती धरायची ते ऐकणाऱ्यावर सोडलेले असते. आणखी एक गंमत अशी की केहरव्यात आवर्तनाच्या बरोबर मध्यावर, पाचव्या मात्रेला, 'खाली' (तालातली रिकामी जागा) येते आणि डग्ग्याचा घुमार काढून घेतला जातो. डबस्टेपमध्ये आवर्तनाच्या नेमक्या त्याच जागी सर्वांत भरदार ठोका बसतो. भजनी ठेक्यावर वाढलेल्या कानाला सुरुवातीला हे उलटे वाटते ते बहुधा यामुळेच, आणि एकदा का ती जागा सापडली की तोच कान इतरांपेक्षा लवकर रुळतो, असा माझा अनुभव आहे.

मग यावर नाचायचे कसे?

पाय जमिनीवर ठेवून. हे उत्तर थट्टेचे वाटेल, पण तसे नाही. ७० च्या लयीला पावले टाकू गेले तर ती चालण्याहूनही मंद पडतात आणि १४० ला टाकली तर बेसशी फारकत होते. म्हणून शरीराचा भार गुडघ्यांवर येतो, खांदे आणि मान ७० ला झुलतात, आणि हात किंवा बोटे हाय-हॅटबरोबर दुप्पट गतीने चालतात.

उत्तर गोव्यात, रेगेच्या (जमैकाच्या संगीताच्या) जातीचे मोठे स्पीकर लावलेल्या एका बागेत, मी एका मध्यमवयीन गृहस्थाला अर्धा तास जवळून पाहिले. ते स्पीकरपासून दोन हातांवर उभे होते, डोळे मिटलेले, उजवा तळवा लाकडी खोक्यावर टेकवलेला. किकबरोबर टाचा जेमतेम उचलल्या जात होत्या. स्नेअरला हनुवटी खाली येत होती. खोक्यावर कुणीतरी ठेवलेल्या कागदी पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठत होती आणि बेस थांबला की ती क्षणात विरत होती. दुरून पाहणाऱ्याला ते गृहस्थ नुसते उभे आहेत असे वाटले असते. मला विचाराल तर त्या बागेत सर्वांत जास्त तेच नाचत होते. बेसच्या वजनावर ध्यान लावायला या, अशा अर्थाचे आमंत्रण डीएमझेडच्या रात्रींना दिले जाई, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

संथ लयीवर झुलणे गोव्याला परके आहे असेही नाही. मांडो हे आपले संथ नृत्यगीत ऐकायचे असते, गायचे असते आणि त्यावर नाचायचेही असते. उड्या मारायची वेळ नंतर, दुलपद हे जलद गीत सुरू झाल्यावर येते. मांडो नाचाचा की ऐकण्याचा असा वाद आपण घालत नाही.

बेस अंगाला जाणवतो म्हणजे नेमके काय होते?

डबस्टेपमधला सर्वांत खालचा बेस साधारण ३० ते ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, पट्ट्यात असतो. या कंपनांना कान फारसा संवेदनशील नाही. त्यामुळे ती ऐकू यायला भरपूर ताकद लागते, आणि तेवढ्या ताकदीची कंपने छाती, पोट आणि पायांखालच्या जमिनीतून थेट जाणवू लागतात. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते. एवढी लहर हलवायला मोठे पडदे असलेले स्पीकर लागतात, आणि बंद खोलीच्या भिंती तिला हातभार लावतात. उघड्या किनाऱ्यावर ती चारी दिशांना पांगते, म्हणून तळघरात जे दोन खोक्यांत साधते त्याला किनाऱ्यावर कितीतरी जास्त खोकी लागतात.

चवथीच्या दिवसांत लहानशा खोलीत घुमट (मातीचे चामडे लावलेले तालवाद्य) वाजवून म्हटलेल्या आरत्या ऐकलेल्या माणसाला हा अनुभव ओळखीचा वाटेल. पाच-सहा घुमटे, समेळ आणि कांसाळे एकत्र वाजू लागली की मांडीवर ठेवलेला हात थरथरतो. अंगणात उभे राहून त्याच आरत्या ऐकल्या तर सूर कळतो, शब्द कळतात, पण तो थरथराट राहत नाही. डबस्टेपमध्ये सूर आणि शब्द बहुधा नसतातच, तेव्हा थरथराट गेला की मागे काय उरले ते तुम्हीच पाहा.

मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर ऐकले तर चालेल का?

ओळख करून घ्यायला चालेल, मत बनवायला नको. मोबाईलच्या स्पीकरमधून काहीशे हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. सुरुवातीच्या काळातल्या अनेक रचनांमध्ये बेस म्हणजे जवळपास शुद्ध साइन लहर असे, जिच्यात वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे बारीक सूर) नसतात. अशी लहर छोट्या स्पीकरवर नुसती क्षीण होत नाही, पार नाहीशी होते, आणि कानावर पडते ते रिकामे घर: एक किक, बराच वेळ शांतता, एक स्नेअर.

याचा धडा मला चारचौघांत मिळाला. मोरजीच्या बाजूच्या एका शॅकवर हंगामाच्या शेवटी मित्रांनी मला तासभर संगीत लावायला सांगितले होते. मी हौसेने २००५-०६ च्या सुमारासची निवड नेली. पहिली रचना लावली, लोक थांबले, माझ्याकडे पाहू लागले. दुसरी लावली, तेव्हा एका जोडप्याने जवळ येऊन नम्रपणे विचारले की गाणे सुरू कधी होणार आहे. वीस मिनिटांत वाळू मोकळी झाली. सामान आवरताना साउंडवाल्याने सहज सांगितले की शेजारच्यांची कटकट नको म्हणून त्याने खालच्या बेसचा ॲम्प्लिफायर संध्याकाळीच बंद केला होता. म्हणजे तासभर मी लोकांना ताटे वाढत होतो आणि भात स्वयंपाकघरातच राहिला होता. चूक त्याची नव्हे. यंत्रणा तपासल्याशिवाय सुरुवात केली ती माझीच.

घरी ऐकायचे असेल तर बऱ्या प्रतीचे, कान झाकणारे हेडफोन हा स्वस्तातला उपाय आहे. सबवूफर असेल तर तो कोपऱ्यात ढकलू नये. तिथे एखादाच स्वर फुगतो आणि बाकीचे दबतात. गाडीतला साउंड कधीकधी चकित करण्याइतका चांगला निघतो, कारण खोली लहान असते आणि काचा बंद असतात. नंबर प्लेट खडखडू लागली तर ती आधी घट्ट करून घ्यावी.

तो "वब वब" आवाज कसा काढतात?

सिंथेसायझरवर स्वरांशांनी भरलेला एक जाड स्वर धरतात आणि त्याला फिल्टर लावतात. फिल्टर म्हणजे एक दार, जे वरचे स्वरांश अडवते आणि खालचे जाऊ देते. हे दार दुसऱ्या एका संथ लहरीच्या तालावर उघडबंद करत राहिले की स्वर बदलत नाही, पण त्याचा रंग उजळतो आणि मंदावतो. उघडझापीचा वेग मात्रेच्या पटीत बांधलेला असतो, म्हणून बेस स्वतःच ठेका धरतो. दुगुण, तिगुण, चौगुण असे वेग बदलत नेले की एकाच स्वरातून अख्खे वाक्य तयार होते.

आमच्या घरात घुमट वाजवणारे एक आजोबा होते. हा आवाज त्यांना पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ते नाक मुरडतील असे वाटले होते. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "ह्याचा डावा हात बरा चालतो." घुमटाच्या मोठ्या तोंडाला चामडे असते आणि ते उजव्या हाताने वाजवतात, दुसरे, लहान तोंड उघडे असते, आणि डाव्या तळव्याने ते झाकत-उघडत नाद गडद किंवा मोकळा केला जातो. पूर्वी हे चामडे घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात. चामडे बदलले तरी डाव्या हाताचे काम तेच राहिले, आणि सिंथेसायझरमधला फिल्टर नेमके तेच काम करतो. फिल्टरची याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

गोव्यातल्या ट्रान्सच्या मंडळींना हे सहसा का रुचत नाही?

योगायोग असा की दोन्ही संगीतांची लय फार दूर नाही. गोवा ट्रान्सही १४० ते १५० च्या आसपासच चालतो. तरीही स्वभाव अगदी उलटे. ट्रान्सचा सगळा डाव सातत्यावर आहे. किक थांबत नाही, वरचे पदर हळूहळू बदलतात, आणि तास दोन तास नाचल्यावर शरीर आपोआप चालू लागते. डबस्टेपचा डाव थांबण्यावर आहे. तिथे मोकळ्या सोडलेल्या जागेला ठोक्याइतकीच किंमत असते, आणि चांगला डीजे त्या जागा राखतो. लोकांना एखादी रचना फारच भावली तर ते ओरडा करतात आणि डीजे ती मागे फिरवून पहिल्यापासून लावतो. ट्रान्सच्या रात्री असे कुणी केले तर रसभंग होईल; इथे तो सन्मान समजला जातो. आपल्या नाट्यगृहांत "वन्स मोअर" घेणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

म्हणून ट्रान्स ऐकून आलेल्या माणसाला हे संगीत वाईट वाटते असे म्हणण्यापेक्षा ते त्याला अपुरे वाटते असे म्हणणे न्यायाचे होईल. रेगे ऐकणारे मात्र लवकर रमतात. २०१६ पासून गोव्यात गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव भरू लागला, आणि त्या वातावरणातून आलेल्या तरुणांना बेसपाशी उभे राहायला शिकवावे लागत नाही.

स्क्रिलेक्सचे संगीत डबस्टेप नव्हे का? त्यावर तर हजारो लोक उड्या मारतात.

नाव तेच आहे आणि वंशही तोच, पण घराणे वेगळे. २००७ नंतर लंडनमध्येच कॅस्पा, रस्को यांच्यासारख्यांनी वब वब पुढे आणून संगीत जास्त उघड आणि खेळकर केले. २०१० पासून लॉस एंजेलिसच्या स्क्रिलेक्सने बेसचा भार खालच्या पट्ट्यातून उचलून मधल्या पट्ट्यात, म्हणजे माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात आणला. तो बेस ओरडतो, खरखरतो, जवळजवळ बोलतो. याचा एक व्यावहारिक फायदा झाला, तो असा की हे संगीत लॅपटॉपवरही कळू लागले. सुरुवात, चढण, क्षणभर शांतता आणि मग ड्रॉप, म्हणजे बेस एकदम कोसळण्याचा क्षण, अशी त्याची रचना मोठ्या मैदानांसाठी अगदी सोयीची होती. २०१२ च्या ग्रॅमी समारंभात स्क्रिलेक्सला तीन पुरस्कार मिळाले.

जुन्या मंडळींनी याला ब्रोस्टेप असे हिणवणारे नाव ठेवले. मला ती हेटाळणी पटत नाही. उड्या मारणे हाही नाचच आहे, आणि शिगम्याच्या रोमटामेळात (मिरवणुकीत) ढोल-ताशांसमोर बेभान होणाऱ्यांना आपण कधी कमी लेखत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की या शाखेत ड्रॉप आला की सांगण्यासारखे सगळे सांगून होते, आणि नंतरची दोन मिनिटे पुढच्या ड्रॉपची वाट पाहण्यात जातात. घरी बसून ऐकायला ते मला दमवते. ज्यांना दमवत नाही त्यांच्याशी वाद नाही.

निव्वळ ऐकण्यासाठी म्हणून घडलेले डबस्टेप आहे का?

आहे, आणि त्यातले सर्वांत ठळक नाव बरिअल या संगीतकाराचे. कोड नाइन यांनी चालवलेल्या हायपरडब या संस्थेने त्याचा पहिला संग्रह २००६ मध्ये आणि "अनट्रू" हा दुसरा २००७ मध्ये काढला. दुसरा संग्रह पुढच्या वर्षी ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. बरिअलने सुरुवातीला आपली ओळख गुप्त ठेवली होती, आणि ठोके संगणकाच्या चौकटीत न बसवता साध्या ध्वनिसंपादन प्रणालीत नजरेच्या अंदाजाने लावले होते. त्यामुळे त्याचे ठेके किंचित लंगडतात, माणसासारखे. मागे पावसाची रिपरिप, रेकॉर्डची चरचर, आणि कुणाच्या तरी गाण्यातला वितळलेला एखादा शब्द. जून महिन्यात, वीज गेलेल्या संध्याकाळी, कौलांवर पाऊस पडत असताना हे संगीत हेडफोनवर ऐकले, तर बाहेरचा पाऊस कुठला आणि आतला कुठला ते सांगणे कठीण जाते.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. हे ऐकण्याचे संगीत नाचाच्या आठवणीवर उभे आहे. क्लबमधून पहाटे घरी परतणाऱ्याच्या कानांत जे घुमत राहते, तसे ते आहे. ज्याने तळघरातली ती रात्र कधी अनुभवलीच नाही, त्यालाही ते आवडू शकते. मात्र अशा रचना नाचाच्या रात्री लावल्या तर बहुधा फसतात, आणि उलट तळघरासाठी घडलेल्या कित्येक रचना दिवाणखान्यात कोरड्या वाटतात. दोन्हीकडे टिकणारे थोडेच. मालाचे काम त्या थोडक्यांत बसते असे मी मानतो, कारण त्याच्या रचनांत बेसइतकेच लक्ष ढोलांच्या रंगाकडे असते.

दक्षिण गोव्यातल्या हेडफोन पार्टीत हे चालेल का?

पाळोळेच्या बाजूला प्रत्येकाच्या कानाला बिनतारी हेडफोन देऊन रात्री नाचण्याची पद्धत आहे, त्यासंबंधी हा प्रश्न येतो. तिथे डबस्टेप लावणे म्हणजे केवळ निम्मे लावणे. बेस कानाला कळेल, पायांखालची जमीन मात्र गप्प राहील. मधल्या पट्ट्यातले, स्क्रिलेक्सच्या घराण्यातले संगीत तिथे बऱ्यापैकी चालते.

रात्री दहानंतर मोठ्या आवाजात लावता येते का?

उघड्यावर नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. बंदिस्त सभागृहांना त्यात सूट आहे, तीही आवाज बाहेर जाणार नसेल तर. सण आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षभरात सगळे मिळून १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

या आकड्यांत डबस्टेपपुरती एक अडचण दडलेली आहे. मोजणी ए-भारित डेसिबलमध्ये होते, म्हणजे कानाला जे कमी ऐकू येते ते मापकही कमी धरतो. ५० हर्ट्झच्या आवाजातून तो जवळजवळ ३० डेसिबल वजा करतो. त्यामुळे मापकाचा काटा मर्यादेत राहूनही शेजारच्या घरातली भांडी वाजू शकतात, कारण खालच्या लहरी भिंतींना फारशा जुमानत नाहीत. कायद्याने आपण बरोबर आहोत असे सांगून शेजारच्या काकूंची झोप परत येत नाही. दुपारी चार ते सात ही वेळ मी निवडतो, आणि आधी जाऊन सांगून येतो. बंदिस्त, जाड भिंतींचे तळघर ही या संगीताची खरी गरज आहे, आणि किनारपट्टीवर ते मिळणे दुर्मीळ. गोव्यात हे संगीत फारसे न रुजण्यामागे आवडीनिवडीपेक्षा हे साधे कारण मोठे असावे.

कानांना इजा होते का?

होऊ शकते. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. फोमचे कानबोळे वरचे आवाज जास्त कापतात आणि बेस शरीरातून पोहोचतच राहतो, त्यामुळे डबस्टेपच्या रात्री ते घातल्याने फारसे काही गमवावे लागत नाही. घरी परतल्यावर कानांत शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता असे समजावे आणि पुढच्या वेळी स्पीकरपासून मागे सरावे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सुरुवात कशी करावी?

बरे हेडफोन घ्यावेत आणि २००५ ते २००७ या काळातली डीएमझेड मंडळींची एखादी रचना पूर्ण ऐकावी. सुरुवातीची मिनिटभराची प्रस्तावना पुढे सरकवू नये. बेस कधी येणार याची वाट पाहणे हा रचनेचाच भाग आहे. पहिल्या वेळी फक्त स्नेअर मोजावा. दुसऱ्या वेळी फक्त हाय-हॅट ऐकावा आणि बोटांनी दुप्पट लय धरून पाहावी. तिसऱ्या वेळी उभे राहून ऐकावे, शक्यतो कुणी पाहत नसताना, आणि गुडघे सैल सोडावेत.